दशमातला मंगळ

ज्योतिष्यांनी पत्रिका जवळ ओढली आणि दहाव्या घरावर पेनाचं टोक टेकवलं. हे कर्मस्थान, ते म्हणाले, माणूस पोटापाण्यासाठी काय करणार ते इथं दिसतं. समोरची मुलगी खुर्चीत पुढे सरकली. शेजारी तिचे वडील मांडीवर हात ठेवून बसले होते. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे सगळे त्यांना चष्मेवाले म्हणूनच ओळखत.

मुलगी जहाजाचं इंजिन सांभाळायचं काम शिकली होती. एका कंपनीनं तिला मालवाहू जहाजावर घ्यायचं ठरवलं होतं, आणि येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वडील आठवडाभर एकच धोशा लावून बसले होते. जायचं तर खुशाल जा, फक्त एकदा पत्रिका दाखवू. तिचा या गोष्टींवर विश्वास होता की नव्हता, ते तिलाच धड सांगता आलं नसतं. बाबांचं समाधान होईल म्हणून ती आली होती.

दशमात मंगळ आहे, ज्योतिषी म्हणाले. यंत्रं, आग, तेल, सगळा कारभार मंगळाचा, आणि या घरात त्याला बळ असतं. मुलीचा चेहरा खुलला. मग पेन आठव्या घरात गेलं. तिथं चंद्र होता. आठवा चंद्र म्हणजे पाण्यापासून भय, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचं बोलणं जरा घाईत झालं. यंत्राचं काम अवश्य कर, पण जमिनीवर. नाहीतर घरचा धंदा आहेच.

हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

“मला भीती नाही वाटत, काका,” मुलगी म्हणाली. “माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण मी गेले तर बाबांना काही होईल का?”

हे मात्र ठरलेलं नव्हतं. ज्योतिष्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी पुरलं असतं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. काच अशी पुसू नका, ओरखडे पडतात, म्हणून ते गिऱ्हाइकांना रोज बजावत.

“नववं घर वडिलांचं,” ज्योतिषी अखेर म्हणाले. “ते तितकंसं बरं नाही.”

मुलगी फोन घेऊन गॅलरीत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. घरची अडचण आहे, येता येणार नाही, माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नका, असं ती कंपनीतल्या बाईंना सांगत होती. मधेमधे माफी मागत होती. चष्मेवाले चष्मा पुसतच राहिले. ज्योतिष्यांनी पत्रिकेची घडी घातली आणि ती कुणाच्या हातात न देता टेबलावर ठेवून दिली.

ती आत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. चला बाबा, म्हणाली, दुकान उघडायला उशीर होतोय.

दोघं पायात चपला सरकवत होती, तेवढ्यात आतून ज्योतिष्यांची बायको आली. तिच्या हातात जेवणाचा डबा होता.

“काल इथंच विसरलात हो,” ती चष्मेवाल्यांना म्हणाली. “घासून ठेवलाय.”

डबा रोज मुलगीच भरून द्यायची. काल घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, दुकानातच राहिला. तिनं डबा घेतला, बाईंना थँक्यू म्हटलं आणि जिना उतरू लागली. चष्मेवाले मागून उतरले.

रस्त्यावर नळाच्या कामासाठी खोदाई चालली होती. यंत्राच्या आवाजानं कान किटले होते. कोपऱ्यावर पोचल्यावर ते म्हणाले, “परत फोन लाव त्यांना.”

“आणि काय सांगू? ग्रह हलले?”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. ती पुढे म्हणाली, “पाण्याचं समजू शकते मी, बाबा. पण तुमच्या जिवाचं कशाला सांगायला लावलंत?”

ते मी नव्हतं सांगायला लावलं, हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. मग आपण चष्मा पुसत बसलो होतो ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी शब्द गिळले. त्यांनी हात पुढे केला. तिनं थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं, मग नंबर लावून फोन दिला.

पलीकडे त्याच बाई होत्या. चष्मेवाल्यांनी आपली ओळख सांगितली. मुलगी यायला तयार आहे, म्हणाले, मघाचं मनावर घेऊ नका. बाईंनी साहजिकच विचारलं, एवढ्यात असं काय झालं? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. बाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. यंत्रापुढे तेही विरून गेलं.

“खोटं बोललो मी,” ते ओरडले. “मुलीशी. ती जाऊ नये म्हणून.”

खड्ड्यातल्या मजुरानं मान वर करून पाहिलं. पानाच्या टपरीवरची दोन माणसं बोलायची थांबली. चष्मेवाल्यांचे कान लालबुंद झाले होते. पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. त्यांनी मान खाली घालून फोन मुलीपुढे धरला.

मुलीनं तो कानाला लावला.

“हो मॅडम,” ती म्हणाली. “माझे वडीलच आहेत ते.”