कुरडयांचा पिपा

नवऱ्याने नोकरी बदलली की सासूबाई कुरडया भरून देतात. अकोल्याला निघालो तेव्हा लहान डबा दिला, पुण्याला निघताना मोठा. गाव जितकं लांब तितका डबा मोठा, हा त्यांचा नेम. यंदा मोताळ्याला घरी पोचताच हे म्हणाले, “आई, पुन्हा नोकरी बदलली.” त्या माझ्या कडेवरच्या लेकीच्या गालावरून हात फिरवून उठल्या आणि तेलाचा रिकामा पिपा कुरडयांनी भरू लागल्या. “आई, एवढ्या काऊन भरून राह्यली वं?” ह्यांनी विचारलं. “आता तर लयच दूर जासान. वर्षभर तोंड दिसते का नाही पोरीचं!” “नोकरी मलकापुरात लागली. इथूनच जाईन रोज, मोटरसायकलनं.” सासूबाईंचा हात पिप्यातच थांबला. मग त्यांनी सगळ्या कुरडया परातीत ओतल्या. “मंग पाहत काय उभी राह्यली वं सूनबाई? तेल ठेव!” रिकामा पिपा लेकीने वाजवायला घेतला.