म्हसावदवालीची परीक्षा

“माचू पिचू कुठे आहे?” हेमकांतने मोबाइलवरचा प्रश्न मास्तरसारखा वाचला. “अ, पेरू. ब, मेक्सिको. क, चीन. ड, इटली. बोल वं.”

प्रतिभाने तव्यावरची दशमी उलटली. चूल ओट्याच्या कडेलाच होती, त्यामुळे परीक्षा द्यायला उठावं लागत नव्हतं.

“तठे कोनी पोर देयेल शे?” तिने विचारलं.

लोटनच्या बशीतला चहा सांडला. लोटन हा हेमकांतचा चुलतभाऊ. आज सकाळी तो खास परीक्षा बघायलाच आला होता. “माय वं! वैनी, तठे कोन पोर दी? तठे डोंगरवर नुसता दगड शेतस!”

“मंग मले काय माहीत?”

तिचं तसं चुकत नव्हतं. इथल्या, कोरीटच्या बायका कुठलंही गाव असंच ओळखतात. प्रकाशा म्हणजे जिथे लोटनची बहीण दिली ते. निझर म्हणजे वाहरूच्या दोन्ही पोरी. गावात आलेली सून तिच्या माहेरच्या गावाने ओळखायची. प्रतिभा म्हसावदवाली, सासू नर्मदाबाई या वयातही सारंगखेडावाली. जिथून कोणी आली नाही आणि जिथे कोणाची गेली नाही, ते गाव असलं काय नि नसलं काय.

परीक्षेची अट हेमकांतची होती. जगातल्या पर्यटनस्थळांवरचे दहा प्रश्न. पाच बरोबर आले, तर कपाटातला पासपोर्ट मिळेल. दुपारी पुरुषोत्तमनगरहून बायकांच्या सहलीची गाडी येणार होती. गाडी मुंबईला आणि मुंबईहून विमान व्हिएतनामला. तिकीट प्रतिभाने आपल्या वाट्याच्या पपईच्या पैशांतून काढलं होतं, म्हणून खर्चावर बोलायची सोय नव्हती. मग सामान्यज्ञान निघालं.

स्वतः हेमकांतला दहापैकी नऊ आले होते. तो सुरतच्या पुढे कधी गेला नव्हता. गाडी लागते त्याला.

“पेट्रा?”

“माहीत नई.”

“अंगकोर वाट?”

“माहीत नई.” हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं ती म्हणत होती, दर वेळी थोडं जास्त खणखणीत.

नर्मदाबाई शेजारी बसून दशम्या फडक्यावर गार करायला पसरत होत्या. दुधात मळलेल्या, प्रवासाच्या. त्या कोणाच्या बाजूने होत्या ते कळत नव्हतं. एवढंच म्हणाल्या, “म्हसावदवाली, चूलना जाय कमी कर. करपी जाई.”

“नायगरा धबधबा?”

“कॅनडा.”

हेमकांतने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हाई कसं काय माहीत?”

“भटूबाबानी नात देयेल शे ना तठे. तिना फोटोमा मांगे तेच पानी शे.”

लोटन इतका हसला की त्याला ठसका लागला. हेमकांत हसला नाही. पुढचे प्रश्न त्याने भराभर वाचले. तिनेही तितक्याच भराभर ‘माहीत नई’ सांगून संपवले.

“दहापैकी एक,” लोटनने निकाल लावला. “वैनी नापास!”

हेमकांतने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. कपाटाची किल्ली तिथे होती. “नकाशामा सापडत नई, आनि जाई ऱ्हायनी मोठी! हरपी गई तं कोन शोधी?” वाक्य सुरू झालं तेव्हा आवाज चढा होता. संपलं तेव्हा नव्हता.

प्रतिभाला ते ऐकू आलं. तिने तवा उतरवला, हात पदराला पुसले.

“ज्याले समदं माहीत शे, त्यानी घर बसानं,” ती म्हणाली. “मले माहीत नई. मी जासू.”

ती आत गेली. कपाट तिच्या आंदणातलं. दारावर तिच्या बापाने पेंटरकडून लिहून घेतलेलं नाव अजून वाचता येत होतं. खाली, डाव्या कोपऱ्यात गुडघा हाणला की ते किल्लीशिवाय उघडायचं. एवढी वर्षं हेमकांत किल्ली खिशात घालून शेतात गेला, की ती तसंच उघडायची.

बाहेर ओट्यावर ‘धाड्’ असा आवाज आला. हेमकांतने खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती.

प्रतिभा बाहेर आली ती एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पासपोर्ट घेऊन. लोटनने आपली बशी उगाच फुंकली. चहा केव्हाच गार झाला होता.

“बरं, जाय,” हेमकांत म्हणाला. मग तिचाच प्रश्न त्याने तिच्याकडे भिरकावला, “पन व्हिएतनामले कोनी पोर देयेल शे, ते तं सांगी जाय!”

“कोनीच नई. म्हनीसन तं जानं शे.” तिने पायात चपला सरकवल्या. “आठे मी म्हसावदवाली. म्हसावदले मी कोरीटवाली. तठे काय म्हनतस, ते दखी येसू.”

नर्मदाबाईंनी दशम्यांच्या फडक्याला गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली, आणि दातांनी आवळून पुन्हा मारली.