थांबलेल्या गाड्या

ती टेबलाखाली शिरून राउटरच्या वायरी चाचपत होती, तेव्हा दादा रिकामा खोका घेऊन बाबांच्या खोलीत आला.

"स्टिअरिंग यात बसेल. पेडलं वेगळी बांधू," तो म्हणाला. "उद्या माणूस न्यायला येतोय."

"त्याला नको म्हणून सांग."

"अगं, बाबा गेले. आता कोण खेळणार? तुला साधी सायकल धड वळवता येत नाही."

"मला खेळायचं नाहीये," ती टेबलाखालूनच म्हणाली. "हाकलायचंय."

दादाने आईकडे पाहिलं. आई दारात टॉवेलच्या घड्या घालत उभी होती. "माझ्याकडे काय बघतोस? बापावर गेलीये. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं."

बाबांनी जन्मभर अॅम्ब्युलन्स चालवली. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरला जोडायच्या स्टिअरिंग-पेडलांसकट ऑनलाइन शर्यतीचा खेळ घेतला आणि 'सायरन' या नावाने त्यात उतरले. पण हाडीमाशी खिळलेली सवय जाते थोडीच! पुढची गाडी उलटली की बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ते त्या गाडीशेजारी थांबायचे आणि लिहायचे, "लागलं का?" खेळात कुणाला लागत नाही. कळ दाबली की गाडी क्षणात सरळ होते. उलट बाबा ज्या सर्व्हरवर खेळायचे त्याचा नियम असा, की जो रस्त्यात थांबेल तो बाहेर.

रोज संध्याकाळी बाबांच्या हसण्याचा आवाज आला की ती दारात यायची. पडद्यावर तेच दिसायचं: 'सायरन यांना बाहेर काढण्यात आले आहे.' खाली 'खिळा' नावाच्या कुणाचा शेरा: "काका, ही शर्यत आहे, दवाखाना नाही." बाबा चष्मा काढून डोळे पुसत असायचे. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. तरुण डॉक्टर वाट्टेल तसे बोलले की दवाखान्याच्या दारातही ते असेच हसायचे.

"इतकं ऐकून घेऊन परत जाता कशाला?" तिने एकदा विचारलं होतं.

"मजा येते गं," ते म्हणाले होते. तिचा विश्वास बसला नव्हता.

म्हणून आता तिने बाबांच्याच कॉम्प्युटरवर स्वतःचा सर्व्हर उभा केला होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी. सर्व्हर ज्याचा, त्याने हवं त्याला बाहेर काढावं. सेटिंगमध्ये एक ओळ होती: 'थांबलेली गाडी बाहेर काढायची?' पुढे आधीपासूनच 'हो' होतं. तिने ते मुद्दाम तसंच ठेवलं. तुमचाच नियम, घ्या चाखून.

अडलं होतं ते राउटरपाशी. तो बाहेरच्यांना आत येऊच देत नव्हता. एक आकडा चुकला होता. तो सुधारून तिने दादाला जिन्यात पिटाळलं. "घरचं वायफाय बंद कर. मोबाइलच्या नेटवरून बघ, दिसतोय का."

"दिसतोय," जिन्यातून आवाज आला. "हे काय नाव ठेवलंयस? 'सायरनचं घर'?"

आमंत्रण तिने बाबांच्याच नावाने पाठवलं. ते गेल्याचं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. खिळाचं उत्तर लगेच आलं: "या, काका. तुम्ही नव्हतात तर शर्यती वेळेवर संपायला लागल्या होत्या."

तिने दात आवळले.

रविवारी चहाच्या वेळेला सगळे हजर झाले. शेजारच्या पडद्यावर सर्वांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक बटण: 'बाहेर काढा'. पहिल्या वळणावर, सगळ्यांदेखत, आधी खिळा. मग बाकीचे. पण बटण दाबायला स्टिअरिंगवरचा एक हात सोडावा लागणार होता. तिने तो सोडला, आणि वळण आधी आलं. गाडी कठड्यावर आपटली, कोलांटली आणि चाकं वर करून पडली.

"सायकलचं म्हणालो होतो ना?" मागून दादा म्हणाला.

सगळे पुढे निघून जायची ती वाट पाहत राहिली. पण एक गाडी आली आणि तिच्याशेजारी थांबली. खिळाची होती. तिच्यामागे 'उलटा पाना' थांबला. मग एकेक करत सगळेच. रस्ता आडवा भरून गेला.

"काका, लागलं का?" खिळाने लिहिलं.

पडद्यावर लाल पट्टी आली: 'थांबलेल्या गाड्या थोड्याच वेळात बाहेर काढल्या जातील.'

"घ्या, काकांच्या घरीही तोच नियम," 'उलटा पाना'ने लिहिलं. "चला, नेहमीसारखे सगळे मिळून बाहेर. काका, मोजा."

एकही गाडी हलली नाही.

"हां, बाबा मोजायचे खरे," दारातून आई म्हणाली. "दहापासून उलटे. शून्य आलं की हसत सुटायचे. तू त्यानंतर यायचीस."

तिने स्टिअरिंग सोडलं. खिळाच्या नावापुढचं बटण तसंच ठेवून तिने सेटिंग उघडलं. 'हो' खोडलं. 'नाही' लिहिलं. लाल पट्टी गेली.

"हाकलणार होतीस ना?" दादाने विचारलं.

"बघू आता कोण हाकलतंय यांना," ती म्हणाली. आणि सगळ्या गाड्या तशाच उभ्या असताना तिने खिळाला उत्तर लिहिलं.

"लागलंय. मी सायरनची मुलगी."