शेवटचा नंबर

समोरच्या संघाला गोल करायचाच नव्हता. त्यांचा आघाडीचा खेळाडू चेंडू घेऊन एकटा गोलकीपरसमोर आला, क्षणभर थांबला आणि त्यानं चेंडू सरळ कोपऱ्यातल्या झेंड्याकडे मारला. प्रेक्षक आधी हसले, मग शिट्ट्या मारू लागले.

लीगमधले हे तळाचे दोन संघ. मोसमाचा शेवटचा सामना. दरवर्षी एकच संघ जिंकतो म्हणून लोक कंटाळले, मैदानं ओस पडू लागली, तेव्हा लीगनं नियम केला होता: जो संघ शेवटचा येईल, त्यानं नव्या खेळाडूंतून पहिली निवड करायची. दुबळ्याला बळ मिळावं, हा हेतू. झालं भलतंच. पहिल्या नंबरासाठी कधी नव्हती एवढी चुरस शेवटच्या नंबरासाठी लागली.

आणि यंदाच्या नव्या खेळाडूंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. ते होतं या गोलकीपरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं.

सामन्याआधी मॅनेजर खोलीत येऊन गेले होते. हरा, असं ते म्हणाले नाहीत. दमलेल्यांना विश्रांती द्या म्हणाले, आणि गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुला वेगळं सांगायला नको.

पण गोलकीपरला हरायचं नव्हतं. अठरा वर्षं त्यानं याच संघात काढली होती. दोन बोटं कायमची वाकडी झाली, गुडघा गेला, एकही चषक हाताला लागला नाही. संघाच्या न्हाणीघरात गरम पाणी येत नव्हतं, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. या विहिरीत आपण पडलो तेवढं पुरे, पोरगा पडायला नको. पोरानं विजेत्यांकडे जावं. बरोबरी झाली असती तरी त्याचा संघ एका गुणानं वर राहिला असता. म्हणून तो जिवाच्या आकांतानं गोल राखत होता, आणि त्या गोलवर कुणी चेंडूच मारत नव्हतं.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला मारला, तो त्याच्याच बचावपटूनं. दहा वर्षांचा सोबती. त्यानं चेंडू मागे दिला, पण असा सणसणीत, की गोलकीपरच्या वाकड्या बोटांना चाटून तो जाळीत गेला.

"तुझा पोरगा आता आपल्याकडेच," सोबती हळूच म्हणाला. "नशीबवान आहेस."

संघ हरला. शेवटचा आला. खोलीत सगळे त्याचं अभिनंदन करत होते, आणि तो मान खाली घालून बूट सोडत होता.

घरी पोरगा दारातच उभा होता. बाप पडलेल्या चेहऱ्यानं आत आला, तसा तो म्हणाला, "बाबा, रागावू नका. तुम्ही हरावं असं मला वाटत होतं. तुमचं एकच वर्ष उरलंय ना? एकाच संघात, मागे तुम्ही, पुढे मी. लहानपणापासून तेवढंच मनात होतं."

बाप खुर्चीवर बसला. नव्वद मिनिटं आपण काय अडवत होतो, ते त्याला आत्ता कळलं. बायकोनं ताट वाढलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला. गरम पाण्याचं काय घेऊन बसलात, आंघोळ घरी करता येते, असं पोरगा म्हणाला तेव्हा तो हसलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅनेजरांचा फोन आला. ते फार खुशीत होते. संघाच्या मालकांनी पहिली निवड विजेत्या संघाला देऊन टाकली होती. बदल्यात त्यांचे दोन जुने बचावपटू मिळणार होते, शिवाय सरावाचं एक मैदान. पोरानं नशीब काढलं, थेट विजेत्यांकडे चालला, बापाला आणखी काय हवं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आतल्या खोलीत पोरगा आईला बजावत होता, सरावाला आम्ही दोघं एकाच गाडीनं जाणार, बाबांच्या आधी मला उठव.

बाप फोन हातात धरून उभा राहिला. काल मैदानावर त्यानं जे मागितलं होतं, ते त्याला मिळालं होतं. आता ते पोराला सांगायचं होतं.