सव्वाशे वर्षांचा चाकू

टिपणीसांनी भिंगातून चाकूचं पातं पाहिलं आणि चहा बाजूला सारला. जुन्या चाकूंचं वय सांगावं तर त्यांनीच. त्यांनी शंभरी मान्य केली तरच भास्कररावांच्या चाकूला प्रदर्शनात जागा मिळणार होती.

"पातं निम्मं झिजलंय. आणि हा काळेपणा असा एका पिढीत मुरत नाही. सव्वाशे वर्षं, कमी नाही."

भास्कररावांचा ऊर भरून आला. चाकू त्यांना माळ्यावरच्या विसरलेल्या बरणीत सापडला होता. तो पणजोबांचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बायको भंगारात घालेल म्हणून तिला मात्र दाखवला नव्हता.

तेवढ्यात ती पोहे घेऊन आली. "अगंबाई, सापडला का! अहो, तीन वर्षांपूर्वी जत्रेत घेतलेला मी. कैऱ्या, फणस, नारळ, सगळं ह्यानेच. दर सोमवारी धार लावून आणायचे. मग लोणच्यात पडला तो पडलाच."

भास्कररावांनी डोळे मिटून घेतले. टिपणीसांनी खिशातून स्वतःचा चाकू काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"वहिनी, हा जरा नवाच दिसतो. यंदा लोणचं कधी घालताय?"