कै. बंडूजी यांचे पाचक चूर्ण

पाकिटावरच्या आपल्याच फोटोला हार घातलेला पाहून बंडूजींच्या हातातला चहा सांडला. फोटोखाली छापलं होतं, ‘कै. बंडूजी यांचे पाचक चूर्ण’.

सोबत पाकीट पाठवणाऱ्या हिरालालजींची चिठ्ठी होती. हे पुण्याचं जुनं गिऱ्हाईक. चूर्ण इंटरनेटवरून मागवलं, बंडूजी गेल्याचं पाकिटावरून कळलं, फार वाईट वाटलं, असं त्यांनी घरच्यांना लिहिलं होतं.

"घ्या! जित्या माणसाले मारून चूर्ण विकून राह्यले! तीस वर्सं हाडं झिजवली म्या!"

सुलोचनाबाईंनी फरशी पुसली. "जाऊ द्या नं. कायले जिवाले तरास करून घेता?"

जाऊ कसं द्यायचं? बंडूजींचं सेलूचं चूर्णाचं दुकान चालायचं या नावावर न् चेहऱ्यावर. गेल्या वर्षी, दोन हजार तीनमध्ये, मुंबईच्या एका कंपनीनं दोन्ही विकत मागितलं होतं; परदेशात, इंटरनेटवर विकायला. मुलगा गजेंद्र तर हुरळूनच गेला. पण बंडूजींनी ठणकावलं, "माह्यात जीव हाये तवरक सही भेटनार नाई." गजेंद्र महिनाभर बोलला नाही. आता मात्र भलताच गुणी झाला होता. बापाचे पायसुद्धा चेपायचा.

बंडूजींनी वर्ध्याच्या वकिलाला, ताराचंदजींना, हे कोणाचं काम ते शोधायला सांगितलं. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं.

"मी येऊ का, बाबा?" गजेंद्रनं विचारलं.

"तू दुकान पाह्य."

एसटीत बंडूजींनी पाकीट पुन्हा काढलं. हारातला चेहरा त्यांच्याकडेच पाहत होता. त्यांनी ते पालथं करून पिशवीत कोंबलं.

ताराचंदजींनी आधी पाण्याचा गिलास पुढे केला. "त्याच कंपनीनं ट्रेडमार्कचा अर्ज केला हाये. नक्कल आली मुंबईहून."

"माह्या फोटोवर? मले न इचारता?"

"जित्या माणसाचा फोटो असन तर त्याची लेखी संमती लागते. मेलेल्याचा असन तर वारसांची."

त्यांनी वारसांच्या संमतीचा कागद सरकवला. खाली दोन सह्या होत्या. पहिली गजेंद्रची. दुसरी सुलोचनाबाईंची, सावकाश काढलेली, एकेक अक्षर सुटं. नावापुढे लिहिलं होतं, ‘विधवा’.

तीस वर्षांचा संसार! बंडूजींचं बोट वरच्या ओळीवर गेलं. मृत्यूच्या तारखेची जागा कोरी होती.

"न् मरनाचा दाखला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

वकिलांनी नजर चुकवली. "तो येत्या सोमवारी घरचे आणून देतो म्हनतेत."