टेपवरची तारीख

पनवेलच्या कचेरीत जमिनीच्या दाव्यांच्या बॅकअप टेप कमळाकर सांभाळायचा. मुदत संपली की टेप पुसायचे, म्हणून निकाल लागेपर्यंत दर मार्चला संगणकात आणि स्टिकरवर एकेक वर्ष वाढवायचं. अशी अठरा वर्षं झाली. त्याला कंटाळ्याचाही कंटाळा आला होता. यंदा त्यानं सरळ दहा वर्षं टाकली. तेवढ्यात उरणहून ऐंशीची गोदूआजी आली. आपला मिठागराचा दावा टेपवर शाबूत आहे ना, हे बघायला ती दरवर्षी यायची. "आजी, दहा वर्षं काळजी नको," म्हणत त्यानं टेप तिच्या हातात दिली. तिनं स्टिकर वाचलं. "धा वर्सं? मंजे मी हाय तवर निकाल नाय लागनार, असं ठरवलंस तू? एकच वर्स लिव, बाला. मी येईन परत." कमळाकरनं स्टिकर बदलून पुढच्या मार्चची तारीख लिहिली. संगणकातली मात्र तशीच राहू दिली.